सासूबाईंच्या रायफलीची बैठक

"आहे ना माझ्या ओळखीत एक कारागीर," जावई म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्या ओळखीत असं कुणीच नाही. पण तोवर सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला होता आणि लग्नाला दोन वर्षं होऊन गेल्यावर पहिल्यांदाच त्या जावयाला "वा" म्हणाल्या होत्या. असा "वा" कानावर पडल्यावर माणूस खरं बोलायला मागे फिरत नाही. निदान हा तरी फिरला नाही.

सासूबाई त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, वय चौसष्ट, बोलणं मोजकं आणि नेम अचूक. गेली तीस वर्षं त्या जमिनीवर पालथं पडून पन्नास मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर रायफल चालवत होत्या. गेल्या वर्षी ज्येष्ठांच्या संघातली त्यांची जागा एका गुणाने हुकली. या रविवारी पुन्हा निवड होती, आणि ही शेवटची. मानेचा मणका दुखत असल्याने डॉक्टरांनी पुढच्या वर्षापासून पालथं पडायला साफ मनाई केली होती.

आणि नेमकी आत्ताच रायफल दगा द्यायला लागली होती. रायफलीच्या लाकडी दस्त्यात एक खाच असते, तिच्यात नळीमागचा लोखंडी भाग घट्ट बसावा लागतो. लाकूड जुनं होतं, खाच झिजते, कागदाच्या जाडीएवढी फट पडते आणि तेवढ्याने गोळी दहाच्या वर्तुळातून नऊच्या वर्तुळात जाते. यावर उपाय असा, की खाचेत इपॉक्सी गोंदाचा लेप भरायचा, त्यात लोखंड दाबून बसवायचं आणि लेप कडक झाला की लोखंड वर उचलून घ्यायचं. खाली उरतो लोखंडाचा हुबेहूब ठसा. क्लबातले लोक त्याला बेडिंग म्हणत, सासूबाई बैठक म्हणत.

"हात बसलेला माणूस पाहिजे हं, जावईबापू," रायफलीची लांब पिशवी आणि परवान्याचे कागद त्याच्या हवाली करताना त्या म्हणाल्या. "ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही."

"ऐरागैरा कसा देईन मी, आई?"

सासूबाईंनी रायफलीचा बोल्ट मात्र काढून स्वतःच्या कपाटात ठेवला. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती जड काठी. जावयावर विश्वास होता, पण तो एवढाच होता.

मंगळवारी जावयाने शोध सुरू केला. बंदुकांच्या दुकानदाराने हात झटकले. "आम्ही विकतो. बसवणारा एकच माणूस आहे, उस्ताद. गोदामांच्या मागच्या गल्लीत. पण तीन महिन्यांचा नंबर लागतो, आणि स्वभाव म्हणाल तर..." पुढचं वाक्य त्याने गिळलं. मग जावई एका फर्निचरवाल्याकडे गेला. फर्निचरवाल्याने पिशवीची चेन अर्धी उघडून आत बघितलं, चेन परत लावली आणि म्हणाला, "साहेब, खुर्ची डुगडुगत असेल तर सांगा."

संध्याकाळी जावई आपल्या दुकानात येऊन बसला. त्याचा धंदा कवळ्या करण्याचा. अकरा वर्षं तो लोकांच्या तोंडाचे ठसे घेत होता, प्लास्टरचे साचे ओतत होता आणि केसाएवढी फट न ठेवता कवळ्या बसवत होता. समोर टेबलावर रायफल, शेजारी एका गिऱ्हाइकाची वरची कवळी. तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. आणि मग त्याच्या डोक्यात तो विचार आला. तसा विचार चूक नव्हता. चूक पुढे आहे.

"तू स्वतः करणार?" बायकोने विचारलं. ती त्याला डबा द्यायला आली होती.

"मी रोज हेच तर करतो."

"आईच्या रायफलीला?"

"माणसाच्या तोंडाला. ते जास्त अवघड असतं. रायफल निदान ओकारी तरी काढत नाही."

बायको दारापर्यंत गेली आणि परत वळली. "हे बघ, आईला या घरात तू आवडावास म्हणून मी दोन वर्षं खपतेय. ते एका रात्रीत पुसून टाकू नकोस." पण एकदा हात शिवशिवायला लागले की जावयाला कुणाचं ऐकू येत नसे.

काम त्याने मात्र जीव ओतून केलं. ट्रिगरचा भाग काढून डबीत ठेवला. खाच खरवडून साफ केली. जिथे लेप जायला नको ती भोकं मेणाने बुजवली. लेप असा कालवला की त्यात हवेचा एक बुडबुडा राहिला नाही. आता लोखंडाला लेप चिकटू नये म्हणून त्यावर आधी एक पातळ थर द्यायचा असतो, तेही त्याला माहीत होतं. त्याच्या कपाटात लाल औषधाची बाटली होतीच. साच्यातून कवळी सुटावी म्हणून तो ते रोज साच्याला लावायचा आणि अकरा वर्षांत त्या औषधाने त्याला एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

पण त्या अकरा वर्षांत त्याने ते फक्त प्लास्टरलाच लावलं होतं. प्लास्टरमध्ये ते मुरतं आणि त्याची पातळ साय धरते. पोलादात काही मुरत नाही. पोलादावरून ते नुसतं ओघळून गेलं. जावई म्हणाला, किती सुंदर पसरलं, आणि लोखंड लेपात दाबून घरी जाऊन शांत झोपला.

बुधवारी सकाळी त्याने नळीला हात घातला. नळी हलली नाही. रबरी हातोडीने हलकेच ठोकलं, मग जरा जोरात ठोकलं. दस्ता दोन गुडघ्यांत आवळून नळी दोन्ही हातांनी वर ओढली, तर नळीबरोबर तोच खुर्चीतून उठला. खाच, लेप आणि लोखंड यांचं आता एकच काहीतरी झालं होतं, आणि ट्रिगर तर बाहेर डबीत होता. लोखंड निघाल्याशिवाय ट्रिगर परत बसणार नव्हता. ट्रिगर बसल्याशिवाय रविवार उजाडण्यात काही अर्थ नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

"काय म्हणतो तुमचा कारागीर? बसली का बैठक?"

"बसली, आई."

"घट्ट?"

"फारच घट्ट."

"उत्तम. मग आज घेऊन या."

"आज नको. अजून... वाळू दे."

"काम सावकाश करतो म्हणजे माणूस चांगला असणार," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. जावयाने फोन ट्रिगरच्या डबीशेजारी ठेवला. खोटं बोलल्याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या बाईंची तीस वर्षांची मेहनत आपण एका बाटलीने बुडवली, असं वाटत होतं. दुपारभर त्याच्याच्याने दुसऱ्या कुणाच्या दातांना हात लावला गेला नाही.

गुरुवारी दुकान बंद ठेवून तो गोदामांच्या मागच्या गल्लीत गेला. उस्तादची खोली लांबट होती. भिंतीवर कानशी उंचीप्रमाणे लावलेल्या, चिमट्याच्या जबड्यांना आतून चामडं, आणि सगळीकडे तेलाचा वास. उस्ताद सत्तरीचा, बारीक, कपाळावर भिंग चढवलेला. त्याने रायफल घेतली, दस्त्यावर बोटाने टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि भिंग खाली ओढलं.

"हे कुणी केलं?"

"एका ओळखीच्याने."

"लोखंडाला काय लावलं होतं ओळखीच्याने?"

जावयाने बाटली दाखवली. उस्तादने वास घेतला. "हे कशाला वापरतात?"

"कवळी करताना."

उस्ताद हसला. हसता हसता त्याने चटकन तोंडावर हात धरला, आत काहीतरी जागेवर सारलं आणि पुन्हा गंभीर झाला. "ठेवून जा. तीन महिने लागतील. माझ्याकडे चौदा जणांचं काम आधीच आहे."

"रविवारी निवड आहे हो."

"तुमची?"

"माझ्या सासूबाईंची. रायफल त्यांची."

उस्तादने त्याच्याकडे नीट पाहिलं. इतका वेळ त्याच्या डोळ्यांत जी चेष्टा होती ती गेली आणि तिथे थोडी दया आली. "मग तुम्ही तीन महिने कुठेतरी लांब जाऊन राहा," तो म्हणाला आणि कानस उचलून पाठ फिरवली.

जावई उठला. खरं तर तो गेलाच असता. पण अकरा वर्षांची सवय अशी सुटत नाही. समोरचा बोलायला लागला की जावयाला शब्दांआधी जबडा दिसायचा.

"तुम्ही डाव्या बाजूने चावत नाही," तो दारातून म्हणाला.

कानस थांबली.

"वरची कवळी डावीकडे डुलते. चार शब्द बोललात की ती खाली येते आणि तुम्ही जिभेने वर ढकलता. उजवीकडे मागे हिरडीला फोड आली असेल. तिकडेच सगळा भार पडतो ना."

"किती वर्षं झाली असतील, तेही सांगा," उस्ताद म्हणाला, पण आवाजातला तोरा उतरला होता.

"चारपाच."

"पाच." उस्ताद स्टुलावर बसला. "ज्याने केली तो म्हणाला, सवय होईल. पाच वर्षं सवयच करतोय. दुखतं हो फार. साधे शेंगदाणे खाऊन पाच वर्षं झाली."

"शनिवारी दुपारी खाल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढचं बोलायची गरज पडली नाही. उस्तादने तोंडातली कवळी काढली, धुतली आणि जावयाच्या डबीत ठेवली. जावयाने तिथेच त्याच्या तोंडाचा नवा ठसा घेतला. मग उस्तादने रायफल उचलली आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या एका लांबलचक जुन्या फ्रीजरचं झाकण उघडलं. आईस्क्रीमच्या दुकानात असतो तसला फ्रीजर.

"हा इथे कसा?" जावयाने विचारलं.

दात नसल्यामुळे उस्तादचं बोलणं आता नुसती हवा झालं होतं. त्याने खडूने फळीवर लिहून दाखवलं, 'तुमच्यासारख्यांसाठी. वर्षाला चार येतात.' खाली आणखी एक ओळ लिहिली, 'थंडीने लोखंड आकसतं. मग सुटतं. कधी कधी.' जावयाने ते 'कधी कधी' दोनदा वाचलं.

शुक्रवारी सकाळी सासूबाई न सांगता दुकानात आल्या. जावई टेबलावर वाकून एका कवळीच्या आतल्या बाजूला नवा थर बसवत होता.

"रायफल कुठे आहे?"

"कारागिराकडे, आई."

"आणि हे कुणाचं?"

"कारागिराचं."

सासूबाईंनी कवळीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं आणि पर्स बंद केली. "त्याला फोन लावा. मला बोलायचंय."

जावयाने फोन लावला. दुसरा उपाय नव्हता. सासूबाईंनी तो कानाला लावला. "नमस्कार. माझी रायफल तुमच्याकडे आहे. रविवारी मिळेल ना?" पलीकडून नुसतं "हं" आलं. "काम नीट झालंय?" पुन्हा एक "हं", जरा लांब. "लेप सगळीकडे सारखा बसलाय?" यावर बराच वेळ काही आलं नाही, आणि मग तिसरा "हं" आला. जावयाच्या शर्टाची कॉलर घामाने ओली झाली होती.

सासूबाईंनी फोन परत दिला. "बोलका नाही. मला पसंत आहे. कारागिराने कमीच बोलावं," त्या म्हणाल्या. आणि दारातून बाहेर पडताना म्हणाल्या, "तुम्हाला माणसं ओळखता येतात, जावईबापू." जावयाने पुन्हा कवळी हातात घेतली. इतकी स्तुती त्याला कधी झोंबली नव्हती.

शनिवारी दुपारी उस्तादने फ्रीजरमधून रायफल काढली. तिच्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखं दव गोठलं होतं. त्याने ती उलटी धरली, लाकडी हातोडी घेतली आणि दस्त्याच्या कडेला एक टोला दिला. काही झालं नाही. जावयाने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या टोल्याला 'टक्' असा आवाज आला, आणि जावयाने डोळे उघडले तेव्हा नळी उस्तादच्या एका हातात होती, दस्ता दुसऱ्या. जावयाचा जीव भांड्यात पडला. त्याला उस्तादचे पाय धरावेसे वाटले, पण पाय टेबलाच्या पलीकडे होते.

उस्तादने भिंग डोळ्यावर ओढून खाच बघितली. लोखंडाला काजळ फासून ते खाचेत टेकवलं, उचललं. काजळ खाचेत कडेपासून कडेपर्यंत सारखं उमटलं होतं, कुठे एक कोरा ठिपका नाही. त्याने पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. ट्रिगर परत जागेवर बसवून त्याने रायफल जावयासमोर ठेवली. मग जावयाने नवी बसवलेली कवळी त्याच्या हातावर ठेवली. उस्तादने ती घातली, जबडा डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला आणि खण उघडून शेंगदाण्यांची पुडी काढली. डाव्या बाजूने तो एकेक दाणा चावत बसला. त्याचे डोळे भरून आले होते. दाणे खारे आहेत, असं तो म्हणाला.

रविवारी रेंजवर सासूबाईंनी साठ गोळ्या झाडल्या. जावई आणि बायको मागच्या बाकावर बसले होते, आणि जावई दर गोळीला बाकाची कड घट्ट धरत होता. पहिल्या चाळीस गोळ्या दहा आणि नऊ यांच्या पलीकडे गेल्या नाहीत. एक्केचाळिसावी आठात गेली. पंचावन्नावी पुन्हा आठात. बायकोने त्याचा हात दाबला. "सैल झालं का रे परत?" जावई पुढची गोळी मोजू लागला. शेवटी निकालाचा कागद लागला तेव्हा चार जणांच्या संघात तिसरं नाव सासूबाईंचं होतं. बायको रडायला लागली. जावयाने खिशातून रुमाल काढला, तो तिला न देता स्वतःच वापरला.

सगळं इथेच छान संपलं असतं. पण गर्दीतून दाणे चावत उस्ताद पुढे आला. त्याने सासूबाईंना नमस्कार केला आणि तेलकट बोटाने रायफलीकडे दाखवलं.

"तुम्हीच ते," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या हाताला तोड नाही."

"बाई, खोटं श्रेय मी घेत नाही," उस्ताद अगदी स्पष्ट, ठणठणीत आवाजात म्हणाला. "बैठक यांनी केली. तुमच्या जावयांनी. आधी सगळं चिकटवून ठेवलं होतं, ते मी फक्त सोडवलं. पण अशी बैठक मी चाळीस वर्षांत केली नाही."

जावयाला वाटलं, आत्ता इथे जमीन दुभंगावी. सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. बायकोला त्यांनी मैत्रिणींबरोबर पाठवून दिलं आणि स्वतः जावयाच्या गाडीत बसल्या. जावई गाडी इतकी सावकाश चालवत होता की सायकलवाले पुढे जात होते.

"दुकानाकडे घ्या," अर्ध्या रस्त्यात त्या म्हणाल्या.

त्याने दुकान उघडलं, दिवा लावला. सासूबाई आत आल्या आणि सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या.

"आई, माझं चुकलं. मी खोटं बोललो. ओळखीत कुणीच नव्हतं."

"ते कळलं. चिकटवलीत, लपवलंत, माझ्याशी तीन दिवस थापा मारल्यात. तो राग मी निवांत काढणार आहे. आधी मला सांगा, आज दोन गोळ्या आठात गेल्या त्या पाहिल्यात?"

"पाहिल्या. बैठकीत काही राहिलं असेल तर..."

"बैठकीत काही राहिलेलं नाही. रायफल आज जरासुद्धा हलली नाही, म्हणून तर मला कळलं." त्यांनी गालावर बोट टेकवलं. "गाल दस्त्याला टेकवला की माझी खालची कवळी सरकते. इतके दिवस मी सगळं खापर रायफलीवर फोडत होते."

जावई उभ्याचा उभाच राहिला. उस्तादची कवळी त्याने चार वाक्यांत ओळखली होती. सासूबाई दोन वर्षं रोज त्याच्यासमोर चहा पीत होत्या.

"तुम्हाला कवळी आहे, आई?"

"वरचीपण आहे. चार गल्ल्या पलीकडच्या माणसाकडून करून घेतली. तुमच्याकडे कशी येणार? जावयापुढे तोंड उघडून बसायची मला लाज वाटायची." त्यांनी मान वर केली. "पण तुमचं काय? जगाचे जबडे ओळखता आणि घरातला दिसला नाही?"

आता पुन्हा थाप मारायची ताकद जावयात उरली नव्हती. "मी तुमच्या तोंडाकडे कधी बघितलंच नाही, आई. भीती वाटायची."

मग सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की जावयाला ते हसू आहे हे कळायला वेळ लागला. ते त्याने आधी पाहिलेलं नव्हतं.

"संघाचा सामना दीड महिन्यावर आहे," त्या म्हणाल्या. "तोवर दोन्ही घट्ट करून द्या. फक्त चिकटवू नका."

"नाही चिकटवणार."

"मग बघा आता," असं म्हणून सासूबाईंनी मान मागे टेकवली आणि तोंड उघडलं. जावयाने दिवा जवळ ओढला आणि वाकून नीट पाहिलं.